साध्या छायाचित्राला कलेचा साज

काशीयात्रा करून आलेल्या कुटुंबात पूर्वी दोन गोष्टी ठरलेल्या असत. एक म्हणजे तोंड बंद केलेला गंगेचा गडू आणि दुसरी यात्रेचे मावंदे. आता त्यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आली आहे, ती म्हणजे मोबाइलमध्ये साठवलेली चार-पाचशे छायाचित्रे. मावंद्याच्या पंगती उठतात, गडू देवघरात विसावतो. छायाचित्रे मात्र आठवडाभर नातेवाइकांत फिरतात आणि मग विस्मरणात जातात. पहाटेच्या नावेतून यात्रेकरूने जे पाहिले, ते त्यांत उतरलेलेच नसते. आकाश पांढरे पडलेले असते, पायऱ्या काळवंडलेल्या असतात, नदी एका बाजूला कललेली दिसते आणि कोपऱ्यात कुणाची तरी प्लास्टिकची पिशवी डोकावत असते.

अशा साध्या छायाचित्रांना डिजिटल संपादनाने कलात्मक रूप देता येते. 'फोटोशॉप' ही प्रणाली १९९० मध्ये बाजारात आली, तेव्हा हे काम मुद्रण व जाहिरात व्यवसायापुरते मर्यादित होते. पुढे 'गिम्प'सारखी विनामूल्य प्रणाली उपलब्ध झाली आणि आज तर मोबाइलवर बोटाच्या एका स्पर्शाने छायाचित्राचे तैलचित्र किंवा जलरंगचित्र होते. साधने इतकी सुलभ झाल्यामुळेच एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कोणता बदल छायाचित्राची शोभा वाढवतो आणि कोणता बदल त्यातील मूळ ऐवजच नाहीसा करतो? या प्रश्नाचा विचार करण्यास वाराणसीइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. जवळजवळ दोनशे वर्षे या शहराचे घाट चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना बोलावत आले आहेत.

टांकसाळीतील अधिकारी आणि दोन चित्रकार

बँकेच्या वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे काशीच्या घाटांची सुप्रसिद्ध चित्रे काढणारा जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीतील अधिकारी होता. नाण्यांतील सोन्यारुप्याचा कस तपासणे हे त्याचे काम. १८२० ते १८३० या काळात तो बनारसच्या टांकसाळीत होता. १८२२ मध्ये त्याने शहराची मोजणी करून अचूक नकाशा तयार केला, घाट, देवळे आणि उत्सव यांची चित्रे काढली. ती शिळाछापाच्या रूपाने १८३० ते १८३४ या दरम्यान प्रसिद्ध झाली. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा प्रिन्सेप तो हाच. त्याच्या चित्रांत दगडी पायऱ्या, छत्र्या, खिडक्या यांची नोंद एखाद्या खतावणीसारखी काटेकोर आढळते.

याच्या दुसऱ्या टोकाला रामकुमार यांची चित्रे आहेत. पंढरपूर येथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन आणि रामकुमार हे दोघे चित्रकार मित्र १९६० मध्ये बरोबरच वाराणसीला गेले. त्यानंतर रामकुमार यांनी काढलेल्या काशीच्या चित्रांतून माणसे जवळजवळ नाहीशी झाली. घरांचे एकमेकांवर रेललेले आकार, पाण्याचा पट्टा आणि करडे-तपकिरी रंग एवढेच उरले. गर्दीने फुललेल्या शहरात त्यांना जी उदासी आणि नि:शब्दता जाणवली, तिच्यासाठी बाकीचे सारे त्यांनी वगळले.

प्रिन्सेपने नोंद ठेवली, रामकुमार यांनी निवड केली. डिजिटल संपादन करणाऱ्यास या दोन्ही गोष्टींची जाण हवी. कलात्मक रूप हे मुख्यतः निवडीतून येते, हे रामकुमार यांची चित्रे शिकवतात. नोंदीचे मोल काळ लोटल्यावर कळते, हे प्रिन्सेपची चित्रे दाखवतात. ते कसे, हे पुढे येईलच.

संगणकापूर्वीचे संपादन

छायाचित्रात फेरफार करण्याची कल्पना संगणकाने आणली, असा समज आहे. प्रत्यक्षात ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक काचांवरील प्रतिमा जोडून एकच भव्य चित्र तयार केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच काचा जोडून मरणासन्न मुलीचे दृश्य रचले, तेव्हा अनेक प्रेक्षक अस्वस्थ झाले. चित्रकाराने असा प्रसंग रंगवला असता तर कुणाला वावगे वाटले नसते. छायाचित्र म्हटले की ते घडलेलेच असणार, हा विश्वास मात्र दुखावला गेला.

आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते, तर त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः कुशल छायाचित्रकार होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय स्टुडिओंमध्ये छायाचित्रांवर हाताने रंग चढवण्याची कला बहरली. कित्येकदा रंगांचा थर एवढा दाट असे की, खालचे छायाचित्र जेमतेम ओळखू यावे. जुन्या मराठी घरांत भिंतीवर दिसणारी, गालांवर गुलाबी छटा आणि लुगड्याच्या काठावर सोनेरी रेघ असलेली पूर्वजांची छायाचित्रे याच परंपरेतील होत. त्या काळी कुंचल्याने होणारे काम आज संगणकाच्या पडद्यावर होते, इतकेच.

पहिली पायरी : दुरुस्ती

डिजिटल छायाचित्र म्हणजे लहान लहान ठिपक्यांची, अर्थात पिक्सेलची, जाळी. सर्वसाधारण छायाचित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची तीव्रता ० ते २५५ या अंकांत नोंदलेली असते. या तिन्हींच्या मिश्रणातून सुमारे १ कोटी ६८ लाख रंगछटा निर्माण होऊ शकतात. संपादन म्हणजे या अंकांत केलेला बदल. म्हणूनच कोणता अंक का बदलतो, हे ठाऊक असलेले बरे.

वाराणसीला गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम काठावर, पूर्वाभिमुख आहेत. त्यामुळे सूर्योदयानंतर कोवळे ऊन थेट पायऱ्यांवर पडते. सायंकाळी सूर्य घाटांमागे जातो आणि इमारती सावलीत राहतात. सकाळच्या छायाचित्रात सहसा रंगांचा समतोल साधावा लागतो, तर सायंकाळच्या छायाचित्रात काळवंडलेला भाग उजळावा लागतो. यासाठी 'हिस्टोग्राम' हा आलेख उपयोगी पडतो. त्याच्या डाव्या टोकाला गडद, तर उजव्या टोकाला उजळ ठिपके मोजलेले असतात. आलेख मध्येच आखडलेला असेल तर छायाचित्र धुरकट दिसते. दोन्ही टोके किंचित ताणली की त्यात जीव येतो. मात्र आकाश पूर्ण पांढरे, म्हणजे २५५ वर पोहोचलेले असेल, तर तेथील तपशील दुरुस्तीने परत मिळत नाही. हिवाळ्यातील धुक्याच्या सकाळी तर आलेख ताणूच नये. धुक्याचा धूसरपणा हाच त्या दृश्याचा प्राण असतो.

कललेली नदी सरळ करण्यासाठी समोरच्या वाळूच्या काठाची रेघ आधाराला घ्यावी. येथे एक मौजेची अडचण आहे. काही प्रणालींमध्ये इमारतींच्या उभ्या रेषा आपोआप सरळ करण्याची सोय असते. मणिकर्णिका आणि शिंदे घाट यांच्या लगत असलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर मात्र मुळातच सुमारे ९ अंशांनी कललेले आहे. यंत्राला ते ठाऊक नसते. ते बिचारे मंदिर सरळ करू पाहते आणि बाकीचा घाट कलंडतो! दुरुस्ती करणाऱ्यास दृश्य ठाऊक असणे किती आवश्यक आहे, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसरी पायरी : वगळणे

नवशिक्याचा ओढा रंग वाढवण्याकडे असतो. भगवा अधिक भगवा होतो, नदी निळीशार होते आणि छायाचित्र दिनदर्शिकेवरील चित्रासारखे भडक दिसू लागते. त्याऐवजी प्रथम काय कमी करता येईल, ते पाहावे. चौकटीच्या कडा कापून अनावश्यक भाग वगळणे, हे सर्वांत सोपे आणि सर्वांत परिणामकारक संपादन होय. दशाश्वमेध घाटाच्या संपूर्ण गर्दीपेक्षा चार पायऱ्या, एक वेताची छत्री आणि तिची सावली यांतून बनारस अधिक बोलके होते.

त्यानंतरचे वगळणे रंगांचे. रंगीत छायाचित्र कृष्णधवल करताना केवळ रंग पुसून टाकले, तर सारे करडे दिसू लागते. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचा वाटा स्वतंत्रपणे ठरवावा. काशीचे घाट मुख्यतः चुनारच्या पिवळसर वालुकाश्माचे आहेत. लाल रंगाचा वाटा वाढवला की हा दगड आणि साधूंची भगवी वस्त्रे उजळतात, निळे आकाश गडद होते. निळ्याचा वाटा वाढवला की परिणाम उलटा होतो. दगड जड व जुना भासतो आणि धुके अधिक दाट वाटते. एकाच छायाचित्रातून अशा दोन निरनिराळ्या सकाळी निर्माण होऊ शकतात. नागपूरकर भोसल्यांच्या घाटावरील दगडी इमारतीचे छायाचित्र घेऊन हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

तिसरी पायरी : पोत

छायाचित्राला तैलचित्राचे रूप देणारा फिल्टर जादूने चालत नाही. एका प्रचलित पद्धतीत तो प्रत्येक ठिपक्याच्या आसपासचा भाग तपासतो आणि तेथे सर्वाधिक वेळा आढळणारी छटा त्या ठिपक्याला देतो. त्यामुळे बारीक तपशील एकमेकांत मिसळून रंगांचे ठाशीव पट्टे होतात, मोठ्या आकारांच्या कडा मात्र टिकतात. नावा, पायऱ्या, बुरूज यांना हे रूप शोभते. माणसांचे चेहरे लहान असल्याने ते प्रथम बिघडतात. आसपासचा भाग किती मोठा घ्यायचा, हा अंक लहान ठेवणे हाच यावरील उपाय.

पेन्सिलचित्राची कृतीही सोपी आहे. छायाचित्र कृष्णधवल करून त्याची दुसरी प्रत वरच्या थरावर ठेवावी. ती प्रत उलट करावी, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होईल. मग थरांची मिश्रणपद्धती 'कलर डॉज' अशी निवडावी. पडदा जवळजवळ कोरा दिसू लागेल. आता वरचा थर 'गॉशियन ब्लर'ने हळूहळू धूसर करत न्यावा. जेथे उजेड आणि अंधार यांची सीमा असते, तेथे तेथे रेषा उमटू लागतात. जाळीदार सज्जे, दगडी छत्र्या आणि कमानी यांची छायाचित्रे या पद्धतीने विशेष खुलतात. जलरंगाचा आभास हवा असल्यास छटांची संख्या कमी करून वर खरखरीत कागदाच्या छायाचित्राचा थर फिकट प्रमाणात मिसळावा.

या सर्वांत थर, म्हणजे 'लेअर', ही सोय सर्वाधिक मोलाची आहे. परिणाम स्वतंत्र थरावर ठेवला की त्याची तीव्रता शंभर टक्क्यांवरून चाळीसवर आणता येते. 'मास्क' वापरून तो विशिष्ट भागापुरता मर्यादितही ठेवता येतो. पाण्याला कुंचल्याचे फटकारे आणि नावाड्याचा चेहरा जसाच्या तसा, असा मेळ त्यातून साधतो.

यंत्राची शैली

२०१५ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठातील तीन संशोधकांनी एक नवी पद्धत मांडली. वस्तू ओळखण्यासाठी तयार केलेल्या संगणकीय जालाचा उपयोग करून त्यांनी छायाचित्रातील रचना आणि चित्रातील शैली यांना वेगळे केले. त्यांचे उदाहरणही नदीकाठचेच होते. ट्यूबिंगेन येथील नेकार नदीवरील घरांचे छायाचित्र घेऊन त्यांनी ते व्हॅन गॉफ, टर्नर, मुंक आदींच्या शैलीत रूपांतरित केले. पुढच्याच वर्षी 'प्रिझ्मा' या मोबाइल प्रणालीने अशी रूपांतरे घरोघरी पोहोचवली.

परिणाम थक्क करणारा असला तरी त्याची मर्यादा लगेच जाणवते. नेकारच्या काठाला आणि अहिल्याबाई घाटाला यंत्र एकसारखीच वळणे देते. त्याला कुंचल्याचा फटकारा ठाऊक असतो, यात्रेकरूची सकाळ ठाऊक नसते. म्हणून अशी रूपांतरे वर्ज्य मानण्याचे कारण नाही, पण त्यांवर थांबूही नये. यंत्राने दिलेले रूप एक थर म्हणून घ्यावे, मूळ छायाचित्रावर हलकेच मिसळावे आणि नको तेथे पुसून टाकावे. शेवटचा निर्णय पाहणाऱ्या डोळ्यांचा असावा.

मुद्दल सुरक्षित ठेवावे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळणे योग्य ठरेल. प्रिन्सेपच्या चित्रांत पंचगंगा घाटावरील आलमगीर मशिदीचे दोन उंच मिनार दिसतात. ते मोडकळीस आले असता त्यांच्या दुरुस्तीलाही त्याने हातभार लावला होता. १९४८ मध्ये त्यांपैकी एक कोसळला आणि पुढे दुसराही उतरवावा लागला. आज मशीद आहे, उंच मिनार नाहीत. ते पाहायचे तर जुन्या चित्रांकडे आणि छायाचित्रांकडेच जावे लागते.

अलीकडचे उदाहरण तर अनेक वाचकांनी स्वतः अनुभवले असेल. अहिल्यादेवी होळकर यांनी १७८० मध्ये बांधविलेल्या विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंत पूर्वी दाट वस्ती आणि अरुंद गल्ल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले आणि तेथे प्रशस्त मार्ग व प्रांगण आले. त्यापूर्वी यात्रेकरूंनी सहज म्हणून टिपलेली गल्लीची छायाचित्रे आता इतिहासाची साधने झाली आहेत. एखाद्याने त्यांचे तैलचित्र करून मूळ प्रत पुसली असेल, तर दुकानावरची पाटी, दाराची चौकट, ओट्यावर बसलेला माणूस हे सारे रंगांच्या पट्ट्यांत कायमचे विरघळून गेले.

घरातील माणसांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. यात्रेतील आजीचे छायाचित्र 'सुंदर' करताना स्वयंचलित प्रणाली तिच्या सुरकुत्या पुसते. कपाळावरचे गोंदण तिला डाग वाटते, तेही जाऊ शकते. जुने, पुसट छायाचित्र स्पष्ट करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली याहून पुढे जातात. जो तपशील छायाचित्रात उरलेलाच नाही, तो त्या असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने भरतात. चित्र लखलखीत होते, पण त्यातील डोळे आजीचेच असतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. नातवंडांनी तिला केवळ त्या छायाचित्रातून ओळखायचे असेल, तर ही हानी लहान नव्हे.

बँकिंगच्या भाषेत सांगायचे तर मूळ छायाचित्र हे मुद्दल आणि त्यावरील कलाकृती हे व्याज. व्याज हौसेने खर्च करावे, मुद्दलाला हात लावू नये. त्यासाठी काही साधे नियम पाळावेत.

मूळ प्रत स्वतंत्र ठेवावी आणि काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावे. जेपेग प्रकारची प्रतिमा उघडून, बदलून पुन्हा साठवली की दर वेळी तिचा थोडा कस उतरतो. त्यामुळे काम चालू असताना ती प्रणालीच्या स्वतःच्या, थर जपणाऱ्या स्वरूपात साठवावी. मूळ प्रतीत छायाचित्र घेतल्याची तारीख व वेळ सहसा नोंदलेली असते, तीही जपावी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेली प्रत आकाराने घटलेली असते. नातेवाइकांकडून छायाचित्र मागवताना ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे. सर्व मूळ प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात. चौकटीमागे किंवा संग्रहात स्थळ, वर्ष आणि 'संपादित' असा शब्द लिहून ठेवावा.

बँकेच्या अर्जावर वा पारपत्रावर लावायच्या छायाचित्राला कोणताही फिल्टर लावू नये. तेथे छायाचित्राचे एकमेव काम ओळख पटवणे हे असते. कागदपत्रांच्या प्रतिमेतील फेरफार तर हौसेच्या कक्षेत येतच नाही, तो गुन्हा ठरू शकतो. तसेच मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरील अंत्यसंस्कारांची छायाचित्रे घेण्याचे टाळावे. तेथील दु:ख हे कुणाच्या कलाकृतीचे साहित्य नव्हे.

भिंतीवर येताना

छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण उत्तम मानले जाते. ४००० × ३००० पिक्सेलचे छायाचित्र सुमारे १३ × १० इंच आकारात स्वच्छ छापता येते. तैलचित्राचा आभास असलेली प्रतिमा कॅनव्हासवर, तर पेन्सिलचित्र चकाकी नसलेल्या कागदावर शोभते. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. त्यामुळे छापील चित्र थोडे गडद येते. मोठ्या छपाईपूर्वी लहान नमुना छापून घेणे हिताचे.

चारशे छायाचित्रांतून एकच निवडावे. ते कोणत्या क्षणासाठी निवडले, हे स्वतःशी स्पष्ट करावे आणि त्या क्षणाला जे मारक असेल तेवढेच काढावे. टांकसाळीतील प्रिन्सेप धातूचा कस तपासताना त्यातील भेसळ वेगळी काढत असे, सोने बदलत नसे. काशीहून आणलेल्या छायाचित्राच्या बाबतीतही एवढे पथ्य पाळले, तर भिंतीवर एक देखणे चित्र लागेल आणि आजीचा गोंदणासह हसरा चेहरा मूळ प्रतीत जसाच्या तसा राहील.